मोरस बेटाची नक्कल

चहात कोणी मोरस घातली, की तात्या शेलार बशीतला चहा तिथल्या तिथे खिडकीबाहेर ओतून देत. मग देणारा कोणी का असेना. बडोद्यात तेव्हा पांढऱ्या साखरेला मराठी काय, गुजराती काय, सगळेच मोरस म्हणत. मॉरिशस बेटावरून आली म्हणून मोरस. तात्या गुळाचा चहा पीत आणि वर आम्हालाच ऐकवीत, "प्या, प्या! माझ्या भावाचं हाड विरघळलंय त्यात."

त्यांचा थोरला भाऊ गोपाळ बापाशी भांडून मुंबईला गेला होता. तिथे कोणा दलालाने करारावर त्याची निशाणी घेतली आणि ऊस तोडायला त्याला त्या बेटावर धाडले. दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली त्याची दोन पत्रे आली. तिसरे आलेच नाही. ती दोन्ही तात्यांना तोंडपाठ होती. मळ्याचे नाव, आणि पुढे, 'धुरांड्याच्या उगवतीला, नदीच्या वळणावर आमच्या झोपड्या आहेत.'

तात्या आणि मी सरकारी कचेरीत नकाशे उतरवीत असू. मी नवखा, ते पन्नाशीचे आणि जमदग्नीचा अवतार. "रेघ मारायच्या आधी तिथं कोण राहतं ते विचारावं," हे त्यांचे पालुपद. महाराजांच्या शाळांसाठी परदेशांचे नकाशे मराठीत करायचे निघाले आणि एके दिवशी त्यांच्या मेजावर नेमके तेच बेट आले. विलायतेत छापलेला, वीसेक वर्षे जुना, कडा पिवळ्या पडलेला नकाशा. तात्यांनी भिंग लावले. मळा सापडला. मालकाचा बंगला होता, धुरांडे होते, घोड्यांचा तबेलासुद्धा होता. नदीच्या वळणावर मात्र कोरा कागद. आणि वर कोपऱ्यात, बेटाच्या नावाभोवती, डोक्यावर उसाची मोळी घेतलेला एक उघडा माणूस शोभेसाठी काढला होता. त्याला नाकडोळेही नव्हते.

तात्यांनी भिंग मेजावर आपटले. "शोभेला माणूस चालतो यांना, वस्तीला चालत नाही! कागद मुकाट ऐकून घेतो म्हणून वाटेल ते छापायचं?"

शेजारचे पटेल समजूत घालू लागले, "जवा दो ने, शेलारभाई. नकशो छे, एमां शुं?"

"घोड्यांना जागा आहे, पटेल, माझ्या दादाला नाही!"

नक्कल तयार झाली तेव्हा त्या वळणावर अकरा बारीक चौकोन होते आणि शेजारी तात्यांच्या घोटीव अक्षरात लिहिले होते, 'मजुरांची वस्ती'. प्रत्येक नकलेखाली 'अस्सल बरहुकूम नक्कल', म्हणजे मूळ कागदाप्रमाणे हुबेहूब, असे लिहून सही करायचा आमचा रिवाज. तात्यांनी लिहिले, 'अस्सल खोटे. नक्कल खरी.'

साहेबांनी बोलावले. साहेब आमच्यातलेच, मराठी गृहस्थ. "शेलार, पत्रं म्हणजे मोजणी नव्हे. ते चौकोन खरवडा आणि रीतसर सही करा."

"अंगाची कातडी खरवडीन, साहेब. ते चौकोन नाही."

"मग उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? हा निघालो."

बावीस वर्षे चाकरी केलेला माणूस पागोटे उचलून चालता झाला आणि आम्ही सगळे षंढासारखे माना घालून बसलो. त्या माना आठवल्या की आजही माझे डोके फिरते. सर्वांत जास्त चीड येते ती माझ्या स्वतःच्या मानेची. कारण नवी नक्कल करायचा हुकूम मला झाला आणि मी ती केली. वळण कोरे ठेवले. तबेला मात्र चोख उतरवला. खाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' लिहिले आणि सही ठोकली.

आठवड्याने तात्या त्यांचे भिंग न्यायला आले. नक्कल माझ्या मेजावर वाळत होती. आता शिव्यांचा भडिमार होणार, असे मला वाटले. खरे सांगायचे तर मी त्याचीच वाट पाहत होतो. तात्या वाकले. बोटाने नदी धरून वळणापर्यंत आले आणि तिथे थांबले. मग सही वाचली.

"हात छान बसलाय तुझा," ते हळूच म्हणाले. "आता तुला कुठंही नोकरी मिळेल."