हाजीर सरदाराच्या मागे पेनसिल्व्हेनियात

हर्नडनला शरदकाकांच्या बेसमेंटमध्ये महिनाभर फुकट राहिल्यावर, "शनिवारी आमचे पूर्वज बघायला चल" याला नाही म्हणायची सोय नव्हती. पूर्वज म्हणजे पेशवाई बुडतानाचे एक सरदार, फौजेचे सेनानी. रोज चहाबरोबर ऐकायचो. त्यांची मोडीतली पत्रं पेनसिल्व्हेनियातल्या एका चिमुकल्या म्युझियममध्ये निघाली होती. कॅटलॉगमधल्या फोटोवरून, अक्षरांचा तक्ता समोर ठेवून, काकांनी दोन शब्द सोडवले होते: 'हाजीर होतो'. म्हणजे शेवटच्या लढाईत! रविवारी मंडळाच्या गणपतीत ते स्टेजवरून हे सांगणार होते. बॅनरसुद्धा छापून तयार. उरलेलं वाचायला मी. बारावी नापास, पण आजोबा तहसिलीत रेकॉर्ड सांभाळायचे. त्यांनी मोडी घोटून घेतली होती.

जाणार असाल तर लीसबर्गहून पंधरा नंबरचा रस्ता धरा. अडीच तास. गॅस, म्हणजे पेट्रोल, गॅलनला तीन डॉलरवर गेलाय. वाटेत पीचचा स्टॉल दिसला, मी गाडी थांबवायला लावली, अर्धा तास तिथेच गेला. पुढे गेटिसबर्गला, त्यांच्या यादवी युद्धाच्या रणांगणावर, माळभर पुतळे.

"डॅड, अवर गाय हॅज अ स्टॅच्यू?" काकांच्या रियाने विचारलं.

"पुतळे कोणीही उभारतं. आपली पत्रं आहेत!"

म्युझियमचं तिकीट पाच डॉलर, बाथरूम स्वच्छ, बाकी आनंद. पहिल्या पत्रात शत्रू नदी उतरलाय आणि सरदार पुण्याला कळवतायत, पालखीचा मान मिळाल्याविना कूच करणे शोभत नाही. दुसऱ्यात पालखी मिळाली, आता अब्दागीर, म्हणजे मानाची छत्री, हवी. काम शून्य, बढती चालू. तिसरं थेट इंग्रज साहेबाला.

"काका, फोटो कडेला कापलाय. वरच्या ओळीच्या टोकाला 'गैर' आहे."

"काय गैर आहे त्यात?"

"'गैर'च आहे. 'लढाईचे दिवशी आम्ही गैरहाजीर होतो. तापाने बिछान्यास खिळलो होतो. सबब जहागीर चालवावी.'"

"सो ही कॉल्ड इन सिक!" रिया म्हणाली.

काकांनी काचेला नाक लावून तो 'गैर' स्वतः शोधला. मग हळूच, "रविवारी तेवढं 'गैर' बोलू नकोस, यार."

"मी नाही बोलणार. पण कोणी विचारलं तर खोटं वाचणार नाही."

परतीला पीचवाल्यापाशी गाडी थांबली नाही.

रविवारी मी पुढे जाऊन पोचलो होतो. बॅनर झळकत होता, माइक चालू होता. काकू एकट्याच आल्या. "ह्यांना ताप भरलाय रे."

मी इतका हसलो की हातातला मोदक फुटला. वा, घराणं! मग आठवलं, बारावीच्या गणिताच्या पेपरला माझंही पोट दुखलं होतं.