वन्सं पळाल्या तो रविवार

गेल्या जानेवारीत आमच्या घरी कुणालाच उसंत नव्हती. धाकट्या दिरांच्या मुलीचं बारसं नुकतंच झालं होतं. पाठोपाठ सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आलं, आणि संक्रांतीनंतर वन्संच्या लेकीचं लग्न. तंजावरचे पाहुणे मैलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मिळेल तिथे गाद्या टाकून झोपत होते. मी मूळची पुण्याची. सासरच्यांचं जुनं, तमिळ हेलाचं मराठी मला सुरुवातीला निम्मंच कळायचं. त्या दिवसांत मात्र मीच सगळ्यांना ओरडून जेवायला बोलवत होते, "असके या, पानं वाढलीत!" असके म्हणजे सगळे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. शाळेत गणित शिकवतात. पन्नाशी जवळ आल्यावर त्यांनी पळायला सुरुवात केली. आधी समुद्राकाठी चालणं, मग थोडं पळणं, मग अर्धी मॅरेथॉन. या वर्षी त्यांनी पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं होतं. आणि सासऱ्यांच्या जन्मनक्षत्रावरून गुरुजींनी जो दिवस काढला, तो नेमका मॅरेथॉनच्याच रविवारी आला.

सासूबाई म्हणाल्या, "अभिषेकाचा पहिला कलश लेकीनं ओतायचा. ती रस्त्यावर पळत असेल तर कसं व्हायचं?"

वन्सं मान खाली घालून लग्नाच्या अक्षता निवडत होत्या. "नाही जात, अम्मा," एवढंच म्हणाल्या.

सासरे पेपर वाचत होते. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "ती जाईल," ते म्हणाले. "पळणं पहाटे सुरू होतं. गुरुजींना सांगा, अभिषेक जितका उशिरा बसतो तितका बसवा. आणि मलाही तिला बघायचंय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबून गुरुजींना फोन लावला.

रविवारी उजाडताना आम्ही निघालो. यजमान गाडी चालवत होते. अप्पा पुढे बसले होते, नवं जरीकाठी धोतर, कपाळावर गंध. मी मागे सोललेली संत्री, मीठ घातलेलं ताक आणि वन्संची रेशमी साडी मांडीवर घेऊन बसले होते. रस्ते बंद होते, म्हणून गाडी एका गल्लीत लावून आम्ही अडयार नदीच्या पुलापाशी चालत गेलो. पळणाऱ्यांचे घोळके येत होते. अप्पा प्रत्येकाला हात हलवत होते, आणि ती मुलंही त्यांना हात जोडून पुढे जात होती. एक मुलगी तर थांबून त्यांच्या पाया पडली. अप्पा इतके खूश झाले की पुढच्या घोळक्यासाठी त्यांनी टाळ्याच वाजवायला घेतल्या.

वन्सं मात्र दिसेनात. ऊन चढलं. शेवटी यजमान म्हणाले, "आली!"

त्या पळत नव्हत्या, एक पाय ओढत चालत होत्या. पोटरीत गोळा आला होता. आम्हाला पाहून त्या कठड्याला टेकल्या. मी ताक पुढे केलं, यजमान खाली बसून पोटरी चोळू लागले.

"इथूनच गाडीत बसते, अप्पा," त्या म्हणाल्या. "मुहूर्त तरी सापडेल."

"पाय दुखतो म्हणून बसतेस, की माझ्यासाठी?"

वन्संनी ताकाचा एक घोट घेतला.

"मला इथवर यायला ऐंशी वर्षं लागली," अप्पा म्हणाले. "थोड्या वेळासाठी तू मला घाई करू नकोस. मी पाटावर बसून राहीन. तू ये."

वन्संनी पेला रिकामा केला, पाय दोन-तीनदा झटकला आणि निघाल्या. आधी लंगडत, मग हळूहळू लय सापडली. पुलाच्या पलीकडे वळेपर्यंत अप्पा टाचा उंचावून बघत होते.

यजमान अप्पांना घेऊन मंगल कार्यालयात गेले. मी वन्संची साडी घेऊन ऑटोनं जमेल तितकं पुढे जाऊन, उरलेलं चालत शेवटच्या रेषेपाशी पोचले. वन्सं लांबून दिसल्या तेव्हा मला राहवलं नाही. नेसत्या साडीच्या निऱ्या मुठीत धरून मी फुटपाथवरून त्यांच्या बरोबरीनं पळाले, "वन्सं, चला, आलंच!" असं ओरडत. त्यांनी रेषा ओलांडली आणि माझ्या गळ्यात पडल्या. दोघीही रडत होतो, आणि दोघींनाही धाप लागली होती.

ऑटोत त्यांनी टी-शर्टवरच साडी गुंडाळली. कार्यालयात शिरलो तेव्हा गुरुजी एक एक मंत्र सावकाश, लांबवून म्हणत होते. आम्हाला पाहताच त्यांचा वेग वाढला. अप्पा आणि सासूबाई पाटावर बसले होते. वन्संनी पहिला कलश उचलला. पाणी निम्मं अप्पांच्या डोक्यावर आणि निम्मं गुरुजींच्या पोथीवर पडलं. सासूबाईंनी डोळ्यांवर उडालेलं पाणी निपटलं आणि विचारलं, "पुरं पळालीस ना?"

"पुरं, अम्मा."

"मग ओत अजून."

नमस्काराच्या वेळी वन्संचे गुडघे वाकेनात. भिंत धरून दोनदा प्रयत्न केला, तेव्हा अप्पा म्हणाले, "राहू दे, पोचला नमस्कार." मग पंगतीत प्रत्येक पाहुण्यापाशी जाऊन ते सांगत सुटले, "माझी लेक बेचाळीस किलोमीटर पळून आलीय." ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांनाही.

दुसऱ्या दिवशी लग्नाची साडी घ्यायची होती. मी म्हटलं, "वन्सं, आज आराम करा." पण त्या ऐकेनात. टी. नगरच्या त्या दुकानात लिफ्ट बंद होती आणि नवरीच्या साड्या वरच्या मजल्यावर. चढताना जमलं, उतरताना मांड्या साथ देईनात. मग कठडा धरून त्या एक एक पायरी उलट्या उतरू लागल्या. पुढून त्यांची लेक हात धरून, मागून मी पायऱ्या सांगत. दुकानातल्या मुली काउंटर सोडून बघायला आल्या, आणि कारण कळल्यावर त्यांनी आम्हाला खालपर्यंत पोचवलं. लेकीसाठी डाळिंबी रंगाची, हिरव्या काठांची साडी मिळाली होती. ऑटोत बसल्यावर वन्संनी ती उघडून पुन्हा एकदा पाहिली, पदर लेकीच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाल्या, "छान दिसतेय. आता कुठेतरी डोसा खाऊ या. मला अजून भूक आहे."