मरळीच्या कल्ल्यातल्या जळवा

समुद्रातल्या माशांच्या रक्तात परजीवी असतात आणि ते एका माशाकडून दुसऱ्याकडे जळवांमार्फत जातात. हे एक वाक्य सिद्ध करायच्या नादात मी दोन वर्षं मुंबईच्या धक्क्यावर घालवली. हाती काही लागलं नाही. मासा बर्फातून यायचा, रक्त साकळलेलं असायचं आणि जळवा केव्हाच गळून पडलेल्या असायच्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी शहापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची नोकरी लागली, तेव्हा मी समुद्राचा नाद सोडला आणि भातसा धरणातले मासे घेतले. पीएच.डी.च्या मार्गदर्शकांनी नाक मुरडलं, पण विषय बदलून दिला.

शेणवे गावाच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या काठी, माझ्या एका विद्यार्थिनीची आई जाळं टाकायची. मी तिला मावशी म्हणायचे. दर शनिवारी एसटीने जाऊन मी तिच्याकडून एक मरळ आणू लागले. मरळ हा मासा भलताच चिवट. डबाभर पाण्यात तासन्‌तास जिवंत राहतो. मावशी पैसे घेत नसे, म्हणून मी चहापावडर न्यायचे. "लेकीच्या बाईंकडनं काय घ्याचं," एवढंच ती म्हणायची. मासा कशाला हवा हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं म्हणजे समजावत बसायचा मला कंटाळा होता.

प्रयोगशाळेत आणून मरळीच्या शेपटीशी सुई टोचायची, एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा. ताज्या थेंबात तांबड्या पेशींच्या गर्दीत परजीवी वळवळताना दिसत. जवळजवळ प्रत्येक मरळीत होते. पण कल्ले उचकटून पाहावं तर जळू एकही नाही. मार्गदर्शकांचा प्रश्न ठरलेला असे, हे माशातून माशात गेले कसे? त्याचं उत्तर दिल्याशिवाय प्रबंध पुढे जाणार नव्हता, आणि माझी मुदत संपत आली होती. शेवटी मी एक प्रकरण लिहूनच टाकलं. भातसाच्या मरळीला जळू लागत नाही, संसर्गाचा मार्ग वेगळा असावा, असं त्याचं सार. भाषा मोठी भारदस्त जमली होती. मी खूश होते.

ते टायपिंगला द्यायच्या आधीच्या शनिवारी मला सकाळची पहिली एसटी मिळाली आणि मी नेहमीपेक्षा दोन तास लवकर पोचले. मावशी अंगणात बसली होती. मांडीशी मिठाची वाटी. मरळीचा कल्ला उघडून ती आत चिमटीने मीठ लावत होती आणि सुटून आलेल्या जळवा नखाने ओढून राखेत टाकत होती. पाच-सहा तरी असतील. माझा प्रबंध त्या राखेत वळवळत होता.

"हे काय करताय?" मी जवळजवळ ओरडलेच.

"जळवा काढते. जळू लागलेला मासा पावण्याला देत नाय आमी. घरात चालतं."

"दर वेळी काढता?"

"मंग? तुमी खानार ना."

मी खात नव्हते. मला फक्त रक्ताचा थेंब लागायचा. हे मी तिला पहिल्यांदाच सांगितलं, दोन वर्षांनी. काच, थेंब, परजीवी, जळू, सगळं सांगितलं. तिला ते पाच मिनिटांत समजलं.

"आनि मासा?" तिने विचारलं.

"टाकून देते. कॉलेजच्या मागे."

मिठाचा हात तिने लुगड्याला पुसला. "मोठी मरळ आली का तुमच्यासाठी ठेवायची मी. घरात आमी बारकी खायचो."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. मला इतकी लाज वाटली की परतीच्या एसटीत मी मरळीचा डबा नेहमीसारखा मांडीवर न घेता पायाशी ठेवला.

ते भारदस्त प्रकरण मी फाडलं. पुढच्या शनिवारी मावशीने जळवांसकट मरळ दिली. त्यांच्या पोटात तेच परजीवी निघाले, आणि प्रबंध यथावकाश मान्य झाला.

जळवांसकट दिलेली ती मरळ मात्र वीतभरच होती. त्यानंतर ती मला कायम वीतभरच मरळ देत राहिली. माझ्या कामाला तेवढी पुरत होती. पहिल्या दिवसापासून पुरली असती.