तिच्या खिशातला गूळ

काल बेसा भागातल्या आमच्या घरी गुळाची भेली फोडली आणि हाताला लागलेल्या वासानं मला थेट मैदानावर नेऊन सोडलं. अकरावीच्या सुट्टीत मी आणि माझी मैत्रीण सुनंदा घोडेस्वारीच्या शिबिराला गेलो होतो. बाहेरगावाहून आलेल्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मला घोड्यावरून उतरवलं. "घोडा चालवायचा असतो, धरून बसायचं नसतं," म्हणाले. सुनंदाला मात्र शाबासकी. मी कुंपणापाशी उभी राहून जळत होते. हिची घोडीच गरीब, त्यात हिचं काय एवढं?

दुसऱ्या दिवशी मी ते तिला बोलूनही दाखवलं. ती हसली. "मग तू घे वं माह्यी घोडी. मले दे तुहा घोडा." खिशातला गुळाचा खडा तिनं माझ्या तळहातावर ठेवला. "हा दे तिले आधी."

घोडीनं ओलसर, मऊ ओठांनी गूळ उचलला. मी बसले. तिसऱ्या फेरीला माझी पाठ आपोआप ताठ झाली, लगाम सैल सुटला. तेवढ्यात मागे धप्पकन आवाज झाला. माझ्या घोड्यानं सुनंदाला पाडलं होतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण ती कपाळभर धूळ घेऊन खदखदून हसत उठली. "काहून थांबली वं? चाल तू!" म्हणाली आणि पुन्हा त्याच घोड्यावर चढली.

पुढे मी चांगली स्वार झाले. तरी काल गुळाची बोटं चाटताना पुन्हा तशीच जळले. तिच्यासारखं हसत पडणं मला अजूनही जमलेलं नाही.