धुक्याच्या घोड्याची उलटी गोष्ट

स्पिरिटचा वास आधी थंड लागतो, मग किंचित गोड, आणि मग तो नाकात उरतच नाही. डोळ्यांच्या मागे कुठेतरी जाऊन बसतो. आई सोनाळ्याच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या पिशवीतला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून ताई सिनेमाच्या दोन्ही सीडी पुसायची, मधून कडेकडे, हलक्या हाताने, सुई टोचण्याआधी आई दंड पुसायची तशी. रविवारची दुपार असायची. घरात गल्लीतली दहाबारा मुलं, कुणाच्या हातात अर्धवट सोललेलं संत्रं. सीडी आत गेली की प्लेअर घसा खाकरल्यासारखा वाजायचा आणि पडद्यावर धुकं पसरायचं.

सिनेमा कार्टूनचा होता आणि इंग्रजी होता. मामाने तो मुंबईहून आणला तेव्हा एका सीडीवर एक आणि दुसरीवर दोन, असे आकडे पेनाने घातलेले होते. ताईच्या पहिल्याच पुसण्यात ते निळे होऊन बोळ्यावर उतरले. मागे राहिल्या दोन सारख्या, चकचकीत, मुक्या चकत्या. त्यांतली पहिली कोणती हे आम्ही ठरवलं आणि चुकीचं ठरवलं. पुढची कितीतरी वर्षं आम्ही त्या सिनेमाचा उत्तरार्ध आधी पाहिला आणि पूर्वार्ध नंतर.

त्यामुळे आमच्या सिनेमात धुक्याचा एक घोडा आधीच कोवळ्या उन्हात विरून जायचा. त्याच्यावर बसणारी मुलगी ओल्या गवतात रडायची आणि उठून घराकडे निघायची. मग अक्षरांची लांब रांग वर सरकायची, सीडी बदलली की सिनेमाचं नाव यायचं, आणि त्यानंतर दिसायची तीच मुलगी, पण एकदम लहान, पुढचे दोन दात पडलेली, काचेच्या बाटलीत फुंकर घालून धुकं साठवणारी. ही एवढीशी कशी झाली, असं गल्लीतल्या एका मुलीने विचारलं. ताई तेव्हा सातवीत होती. इंग्रजी तिला आमच्याइतकंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. पण पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, “रडू रडू लहान झाली थे. आता पुन्हा घोडा बनवते.”

कुणालाही त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही. वीज गेली तरी कुणी उठायचं नाही. काळ्या पडद्यासमोर ताई पुढचं सांगत राहायची. घोड्याच्या आयाळीला नुकत्या फुटलेल्या कपाशीच्या बोंडाचा वास येतो, हे मला पडदा बंद असताना कळलं आणि वीज आल्यावर तो वास खरोखरच यायला लागला.

एकदा ताईला ताप आला आणि सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. मला तिचा शब्दन् शब्द पाठ होता. मी तिच्यासारखेच थांबे घेतले, तिच्यासारखीच मान तिरपी केली. मुलं एकेक करून उठली. शेवटी राहिलेल्या एकाने, मी अगदी रंगात आलेली असताना, ताई बरी कधी होईल असं विचारलं. तिच्या अंथरुणाशी जाऊन मी तिच्या कपाळावरची ओली पट्टी उलटी केली आणि मनात म्हटलं, ही अशीच झोपून राहिली तर बरं. मत्सराची चव मला त्या दिवसापासून ठाऊक आहे. संत्र्याची बी चावली गेल्यावर जिभेच्या मागच्या भागात ती बराच वेळ राहते.

पुढे मी मराठी शिकले, कविता शिकले, पुण्यात शिकवू लागले. ताईचं लग्न जळगाव जामोदला झालं. ती घरच्या पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवते. माझ्या दुसऱ्या कवितासंग्रहाचं नाव रडून रडून लहान झालेल्या एका मुलीवर आहे. ताईच्या ‘रडू रडू’चं मी ‘रडून रडून’ केलं; माझं त्यातलं काम एवढंच. प्रास्ताविकात मी लिहिलं की ही प्रतिमा बालपणी पाहिलेल्या एका चित्रपटातून आली. ते मला खरंही वाटत असे. चित्रपट दूरच्या कुणाचा तरी असतो. त्यातून उचललेल्या ओळीवर हक्क सांगायला कुणी दाराशी येत नाही.

या दिवाळीत ताईकडे गेले तेव्हा तो सिनेमा मला सापडला होता, हिंदीत भाषांतर केलेला, स्वच्छ, अखंड. माझी सात वर्षांची मुलगी, ताई आणि मी, अशा तिघी दुपारी लॅपटॉपसमोर बसलो. खिडकीत सातपुड्याची निळसर कड होती. खोलीत नव्या अस्तराचा, खळीचा वास होता. ताईच्या हातात कुणाच्या तरी ब्लाऊजचं हातशिलाईचं काम होतं.

या वेळी सगळं क्रमाने घडलं. दात पडलेल्या मुलीने बाटलीत धुकं साठवलं, घोडा झाला, मुलगी मोठी झाली, घोडा मोठा झाला, आणि एका सकाळी तो उन्हात विरला. ती रडली, उठली, घराकडे चालू लागली. पडद्यावरची आजी तिला निरोप कसा घ्यावा ते सांगत होती. सिनेमा सुंदर होता आणि तिथेच संपत होता.

माझ्या मुलीला पुस्तकाचं नाव पाठ आहे. ती रडून लहान कधी होते, असं तिने मला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मी म्हटलं, आता होईल. मीही वाट पाहत होते. अक्षरांची रांग सरकू लागली तेव्हा मला कळलं की जे मी सिनेमाचं म्हणून घेतलं होतं त्यातलं काहीच सिनेमात नव्हतं. ते ज्या बाईचं होतं ती माझ्या शेजारी बसून दाताने दोरा तोडत होती.

ते आलंच नाही, असं मुलगी रडवेल्या आवाजात म्हणाली. ताई हसली. “थे सिनेमात नाही व बाई. इकडे ये.”

आणि ती सांगू लागली. मुलगी कापडाच्या चिंध्या सारून तिच्या मांडीवर आडवी झाली. मी कविता वाचते तेव्हा हीच मुलगी माझ्या बांगड्या मोजते. आता तिचं तोंड उघडं होतं. थोड्या वेळाने ती “मंग काय झालं” असं विचारू लागली. हा ‘मंग’ तिने माझ्याकडून कधीच ऐकलेला नव्हता. मला ते दोघींचं एकत्र दिसणं सहन होईना, आणि तिथून उठवतही नव्हतं.

ताईने या वेळी एक नवीनच गोष्ट घातली. पुन्हा जन्मलेला घोडा अगदी छोटा असतो, पाय लटपटत असतात, आणि तो मुलीला म्हणतो, “आता मले बसू दे तुह्या पाठीवर.”

माझा हात पर्समध्ये गेला होता. बोटांना पेन लागलं तेव्हा मी काय करते आहे हे मला समजलं. मी पेन तसंच सोडलं आणि पर्सची चेन लावली. चेनचा आवाज झाला. ताईने वर पाहिलं आणि पुन्हा गोष्टीकडे वळली.

नंतर ती चहा ठेवायला आत गेली, तेव्हा मी तिच्या मागोमाग गेले. पुस्तक तिला देऊन तीन वर्षं झाली होती. त्याबद्दल ती कधी एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिला वाचायला वेळ कुठला, असं मी सोयीने धरून चालले होते. आलं किसलं जात होतं. तिची पाठ माझ्याकडे होती, म्हणूनच बहुधा मला बोलता आलं.

“ताई, थे नाव तुह्यं होतं. पुस्तक पाह्यलं तवाच समजलं होतं तुले?”

तिने आलं चहात टाकलं, गॅस बारीक केला, किसणी नळाखाली धरली. रागाची, निदान टोमण्याची मी वाट पाहत होते. तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. तिने ओले हात पदराला पुसले, चहा गाळला, आणि वळून माझ्या हातात कप देत, होकाराची मान हलवून म्हणाली,

“हाव.”