वामेच्या पिल्लांचं उष्टावण

जाताना माणूस बायकोला काहीतरी सांगून जातो म्हणतात. आमच्या ह्यांनी काय सांगावं? "डोळे काळे झाले की भरव गो." बस्स! रुग्णवाहिकेचं दार लागलं आणि शहापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. माझं नाव नाही, 'जप स्वतःला' नाही... शेवटचा शब्दही त्या माशाच्या पिल्लांसाठी. महिना उलटला, लोक अजून भेटायला येतात, रघुनाथरावांच्या ध्यासाचं कौतुक करतात. मी मान डोलावते, पण माझ्या पोटात दुखतं ते दुखतंच.

हे भातसानगरला धरणावर नोकरीला होते. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. नदीत वाढते, पण अंडी घालायला समुद्रात जाते आणि तिची पिल्लं नदीने परत वर येतात. ती पिल्लं धरणाच्या भिंतीशी धडपडताना ह्यांनी तरुणपणी पाहिली होती. पुढे ती दिसेनाशी झाली आणि ह्यांच्या जिवाला घोर लागला. निवृत्त झाल्यावर आटगावच्या घरामागे शेड घातली, काळ्या ताडपत्रीने झाकली. समुद्राचं पाणी टेम्पोतून पिंपांनी यायचं. मादीला इंजेक्शनं द्यायची, मग अंडी, मग काचेच्या कुंडीत आरपार दिसणारी, केसासारखी पिल्लं. पण मेली खायची नाहीत! अंगातला बलक पुरेल तोवर जगायची, तो संपला की उपाशी मरायची. कोळंबीचा रस झाला, कोंबडीच्या अंड्याचा बलक झाला, मग मुशीची, म्हणजे त्या छोट्या शार्कची, अंडी वाटून झाली, तीही माझ्याच मिक्सरमध्ये. उजेड पडला की पिल्लं बिचकून तळाशी जातात, म्हणून खाणं तळाशी सोडून वर टॉर्च धरायचा. उरलेलं सडून पाणी नासतं, म्हणून रोज कुंडी बदलायची, एकाही पिल्लाला धक्का न लावता. माझ्या गुडघ्याला तेल चोळताना इतका हलका हात कधी पडला नाही हो त्यांचा.

आम्हाला मूल झालं नाही. हे त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आईने मात्र लग्नानंतर लगेच चांदीची वाटी घडवून ठेवली होती, नातवाच्या उष्टावणाला. ती कपाटातच राहिली. मागच्या वर्षी एके सकाळी माझा धाकटा भाऊ दिगू मुरबाडहून आला, इस्त्रीचा शर्ट घालून, ओशाळलेला. "भावोजींनी बोलावलंय ताई. उष्टावणाला मामा पायजे म्हनाले."

शेडमध्ये गेले तर माझ्या चांदीच्या वाटीत मुशीच्या अंड्यांचा लगदा!

"अवो, ती वाटी कुनाची हाय, कळतंय ना तुमाला?"

"कळतंय म्हनून तर काढली गो. मामाच्या हातचं खातील, काय नेम?"

दिगू नळीने थेंब थेंब सोडत होता आणि चेहरा असा उजळलेला, की मला बघवेना. मामा व्हायची त्याला केवढी हौस... आणि झाला तो कुणाचा, तर माझ्या सवतीच्या पोरांचा! पिल्लांनी तोंड लावलं नाही. मला बरंच वाटलं.

हे गेले तेव्हा आदल्याच दिवशी अंड्यांतून निघालेली पिल्लं कुंडीत होती. दिगू राहिला होता, तोच पाणी बदलत होता. सुतकातच एका दुपारी मी कुंडी मोरीत ओतायला म्हणून शेडमध्ये शिरले. टॉर्च मारला... आणि प्रत्येकाला दोन काळे ठिपके. डोळे! माझे हात तिथेच थांबले. फ्रिजमध्ये त्यांनी करून ठेवलेला लगदा होता. तो चांदीच्या वाटीत काढला, नळीने तळाशी सोडला. पिल्लं खाली गेली. एकाने तोंड घातलं. काचेसारख्या पोटात पिवळा दाणा दिसायला लागला, मग दुसऱ्याच्या पोटात.

"काय झालं गो ताई?" माझ्या ओरडण्याने दिगू धावत आला.

"खाल्लं रे! माझ्या हातचं खाल्लं!"

फार जगली नाहीत. पाणी नासलं, आठवड्याच्या आत सगळी गेली. एवढं एकदा खाल्लं, तेवढंच.

वाटी आता ह्यांच्या फोटोपुढे असते. कितीही घासली तरी मुशीचा वास जात नाही. रोज दिवा लावते आणि त्यांना ऐकवते, "जन्मभर ज्याची वाट बघितलीत ना, ते मी बघितलं. तुमी नाय. आता दुखू दे तुमच्या पोटात."