क्रांती चौकातले मामा

हसणार नसाल तर सांगते. बरं, हसा, पण माझ्या सासूबाईंसमोर हा विषय काढू नका म्हणजे झालं.

लवकर उठण्याशी माझं कधीच जमलं नाही. पहाट म्हणून जी काय चीज असते, ती मी माहेरी फक्त दिवाळीत पाहिलेली. तीही उटण्याच्या वेळी, डोळे मिटून. लग्न होऊन उस्मानपुऱ्यात आले तरी सवय तीच. नवरा संतोष चिकलठाण्याला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. सासूबाई स्वतःच भल्या पहाटे उठून सगळं आवरणाऱ्या. मला कोण उठवतंय?

तर गेल्या हिवाळ्यात सासूबाई फुलंब्रीला नणंदेकडे गेलेल्या, संतोषची रात्रपाळी, आणि नेमका मामांचा निरोप आला की उद्या पहाटे येतोय. मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, परभणीचे. आमच्या लग्नात सगळ्यांना फेटे बांधून झाले आणि ऐन मामांच्या वेळी फेटे संपले. नवऱ्या मुलाचा मामा उघड्या डोक्यानं! ते जेवण न करता निघून गेले, आणि त्यानंतर दोन्ही घरांत बोलणं बंद. आता कुणीतरी मध्यस्थी केली होती आणि ते पहिल्यांदाच आमच्याकडे येत होते.

सासूबाईंनी फोनवर दहा वेळा बजावलं. ट्रॅव्हल्स क्रांती चौकात सोडते, तू स्कुटीवर घ्यायला जा, कपाटात नवा फेटा आणून ठेवलाय तो दे, मी पहिल्या गाडीनं येतेच. आणि त्यांच्या मनाला लागेल असं काही करू नकोस.

मी विचारलं, ओळखू कसं? लग्नात मी मान खाली घालून बसलेली, मला मामांचे फक्त जोडे दिसले होते. तर म्हणाल्या, उंच आहे, धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. मोबाईल? आहे, पण रागात असला की बंद ठेवतो.

आता मला सांगा, आपल्या मराठवाड्यातला कुठला म्हातारा या वर्णनात बसत नाही?

पहाटे गजर झाला. मी उठले, म्हणजे शरीर उठलं. स्वेटर उलटा घातला हे मला घरी परतल्यावर कळलं. बाहेर ही थंडी, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सिग्नलचा पिवळा दिवा नुसता उघडझाप करत होता, तर मी शहाणी तो हिरवा व्हायची वाट बघत थांबले. शेवटी एक दूधवाला शेजारून जाताना म्हणाला, "ताई, तो दिवस उजाडल्याशिवाय हिरवा होत नसतो."

चौकात पोचले तर एक ट्रॅव्हल्स नुकतीच निघून चाललेली, आणि फुटपाथवर एक उंच म्हातारे, धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. मी हाक मारली, "मामा!"

त्यांनी वळून पाहिलं. आता आपल्याकडे रस्त्यावरच्या कुठल्याही वयस्कर माणसाला मामा म्हटलं की तो वळतोच, हे दिवसा माझ्या लक्षात आलं असतं.

"व्हय. तूच का पोरी स्कुटीवाली? मला सांगितलं व्हतं, सूनबाई येईल म्हणून."

झालं. आणखी काय पुरावा पाहिजे? मी वाकून नमस्कार केला, त्यांना मागं बसवलं आणि निघाले. वाटेत त्यांनी विचारलं, आमचा दोस्त कसा आहे? मला किती बरं वाटलं! मामा-भाच्याची दोस्ती अजून आहे म्हणायची. मी म्हटलं, बरे आहेत, रात्रपाळीला गेलेत.

मागून आवाज आला, "या वयात रात्रपाळी? लई वाईट वाटलं बघ."

संतोष तिशीचा आहे. पण मामांचा जीव, मी म्हटलं, काय करता मामा, कंपनीवाले ऐकत नाहीत.

घरी आल्यावर कडकडीत पाणी काढलं. त्यांची अंघोळ झाली. मी कपाटातून फेटा काढला, तबकात ठेवला, आणि पाया पडून जे पाठ केलं होतं ते सगळं बोलून टाकलं. लग्नात फेट्याचं जे झालं ते मनात ठेवू नका, आम्ही लहान आहोत, चुकलं, पदरात घ्या. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "फेट्याचं काय एवढं पोरी. मी तर कवाच इसरलो."

इतका मोठा माणूस! मी लगेच सासूबाईंना फोन लावला. त्या एसटीतच रडायला लागल्या. बोलायचंय म्हणाल्या, पण मामा तोवर आरशासमोर फेटा बांधण्यात गुंतले होते, आणि बांधलाही असा झोकदार की काय सांगू. मग पोहे खायला बसले. दुसऱ्यांदा घेतले तेव्हा मला धन्य वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. दारात संतोष, आणि त्याच्या मागं एक उंच म्हातारे. धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. पाळी संपवून येताना त्याला ते चौकातल्या टपरीवर एकटेच बसलेले दिसले होते. स्वाती आली नाही का, असं त्यानं विचारलं तर म्हणाले होते, "आली बी असंल. आम्ही कुणाला दिसतो?"

आतले मामा पोह्यांची बशी हातात घेऊन अगत्यानं म्हणाले, "या, या, बसा. पोहे लई ब्येस झालेत."

दारातले मामा फक्त त्या फेट्याकडे बघत होते.

संतोषनं हळूच विचारलं, "हे कोण?"

"मामा," मी म्हटलं.

"मग हे कोण?"

मी स्वयंपाकघरात गेले. गॅस बंदच होता, तरी पुन्हा बंद केला.

बाहेर पिशवीत फोन वाजला. आतल्या मामांनी कानाला लावला. पलीकडे कुणी मुलगी होती, माफी मागत होती, डोळा लागला म्हणत होती, आत्ता निघते म्हणत होती. डॉक्टरला गुडघे दाखवायचे म्हणून ते आपल्या दोस्ताकडे आले होते, आणि त्या दोस्ताची सून चक्क झोपून राहिली होती! त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि सावकाश म्हणाले, "नीघ आरामात, घाई नाय. माझी अंघोळ झाली, नाश्ता झाला, सत्कार बी झाला."

मग फोन ठेवून उठले. फेटा न मोडता डोक्यावरून अलगद उतरवला आणि आमच्या मामांच्या डोक्यावर ठेवला.

"घ्या पाव्हणं, तुमचाच हाय. पोरीनं मनापासून माफी मागितली, ती चुकून माझ्याकडं आली. मी तुमच्या वतीनं माफ करून बसलोय. आता तुम्ही मोडता घालू नका, माझी इज्जत जाईल."

आमचे मामा आरशापाशी गेले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मिशी जराशी हलली.

"पोहे शिल्लक हायत का?" त्यांनी विचारलं.

नव्हते. मी पुन्हा टाकले.

सासूबाई आल्या तेव्हा दोघं शेजारी बसून गुडघ्यांवर बोलत होते. भावाच्या डोक्यावर फेटा बघून त्या आधी रडल्या, आणि मग पदरानं डोळे पुसत विचारलं, हे दुसरे कोण? संतोष म्हणाला, हे पण मामाच.

तर असं आमचं नातं पुन्हा जुळलं. मामांचं येणंजाणं आता नेहमीचं झालंय. परवाच त्यांचा फोन आला होता, पुढच्या आठवड्यात येतोय म्हणून. सासूबाई म्हणाल्या, दादा, स्वातीला पाठवते घ्यायला.

मी शेजारीच होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

"नको बाई, मी येतो माझा रिक्षानं. सूनबाईला झोपू दे. ती लवकर उठली की तुमच्या घरात पाव्हणं वाढत्यात."